ओल्या उंबऱ्यांची गल्ली

तवंदीचा घाट उतरून बस निपाणीकडे निघाली की पौषात डोळे मिटून बसलेल्या माणसालाही गाव आल्याचं कळतं. नाकच सांगतं. परगावचे प्रवासी खिडक्या ओढून घेतात आणि निपाणीचा माणूस तेवढ्यात आपली खिडकी उघडतो. बेळगावात माझा जन्म गेला तरी मी अजून उघडणाऱ्यांतलाच आहे. परवा शेजारच्या तरुणानं रुमाल नाकाला लावून माझ्याकडे रागानं पाहिलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, थोडं सोस, हा आमच्या घरचा वास आहे. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

तंबाखूचा हंगाम मला आधी वासानं आठवतो आणि मग हातांनी. शेंडे खुडून काळ्याशार झालेले बायकांचे हात, चीक असा चिकट की राखेनं घासला तरी भाकरीला कडवट चव उतरायची. कापलेली झाडं रानात आडवी पडून रात्रभर दव पिणार, मग पहाटे ती मऊ पानं उचलायची लगबग. चिकोडीच्या बाजूनं पोती लादून टेंपो येणार, वखारींची दारं उघडणार, आणि सकाळच्या उन्हात एक पिवळी धूळ गावावर तरंगत राहणार. त्या धुळीनं सगळं गाव शिंकतं. हंगामात निपाणीत शिंकेला कुणी अपशकुन मानत नाही. मानला असता तर संक्रांतीपर्यंत कुणी घराबाहेरच पडलं नसतं.

मी शाळेत मास्तर होतो. तंबाखू किती वाईट हा धडा दरवर्षी शिकवत होतो, आणि शिकवतो ते खरंच आहे हे मला ठाऊक होतं. पण ज्या बोटांनी मला मास्तर केलं ती बोटं विड्या वळत होती. आमची आई लवकर गेली. आक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी थोरली, तिनंच मला वाढवलं. दिवसभर घरात विड्या वळायची आणि संध्याकाळी त्या मोजून द्यायला कारखान्यात जायची; कुणी विचारलं की मी सांगायचो, आक्का कामावर गेलीय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापावर पान ठेवून कातरायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड मिटायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं ती न बघता करायची, कारण बघत असायची माझ्या पाटीकडे. गणित चुकलं की विडी न थांबवता पायाच्या अंगठ्यानं माझ्या गुडघ्याला टोचायची. माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात, त्यामागे तो अंगठा आहे.

पुढं तिचं लग्न गावातच झालं. सासरीही सूप मांडीवर होतंच. बऱ्याच वर्षांच्या मागण्या आणि हेलपाट्यांनंतर विडी वळणाऱ्या बायकांना गावाच्या कडेला वसाहतीत घरं मिळाली. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं बसायला कट्टा. घर बाईच्या नावावर. आमच्या सात पिढ्यांत बाईच्या नावावर कधी गोठाही नव्हता. माझे मेहुणे गमतीनं म्हणायचे, "मी तुमच्या आक्कांचा भाडेकरू हाय." म्हणताना त्यांची छाती फुगलेली असायची.

आता ते नाहीत, आणि गल्लीही म्हातारी झाली आहे. पोरं पुण्याला, इचलकरंजीला, बेंगळुरूला गेली. मागं राहिल्या त्या बहुतेक एकेकट्या बायका. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कमरा तर सगळ्यांच्याच सुपावर वाकून वाकून कायमच्या वाकलेल्या. वर्तमानपत्रवाले अशा बायकांना एकाकी वृद्ध म्हणतात. त्यांनी एकदा आमच्या गल्लीत सकाळी यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण इथं एक रीत आहे. ती कुणी ठरवली नाही, कुठं लिहिलेली नाही. दुधवाल्याची फेरी संपायच्या आत प्रत्येक दारात सडा पडलेला असतो. सड्यावर जमेल तशी रांगोळी, कुणाचं कमळ, कुणाचे नुसते चार ठिपके. दूध आत ठेवून बायका कट्ट्यावर येतात आणि डावी-उजवीकडे, समोर एकदा बघून घेतात. उंबऱ्यापुढची जमीन ओली असली तर ती बाई उठली, हिंडती-फिरती आहे. कोरडी दिसली तर जिला आधी दिसेल तिनं जाऊन कडी वाजवायची. चौकशी नाही, फोन नाही, आभार तर नाहीतच. आक्का आणि समोरची हौसाबाई यांचं नळावरून एकदा जे वाजलं त्यानंतर त्या एकमेकींशी धड बोलत नाहीत. सणाला ताट जातं तेही तिसरीच्या हातून. तरी सकाळी एकमेकींचा उंबरा बघितल्याशिवाय दोघींच्याही घशाखाली चहा उतरत नाही.

आक्काचा मुलगा विलास पुण्याला मोठ्या कारखान्यात आहे. गुणी पोरगा. रोज संध्याकाळी आईला फोन करतो, आणि नुसती खुशाली विचारून ठेवत नाही, काय जेवलीस ते विचारतो. गेल्याच्या आधीच्या दिवाळीला तो आला असताना त्यानं आईला सडा घालताना पाहिलं. एक हात गुडघ्यावर, एक हात बादलीत, आणि वर उठताना तोंडातून निघालेला तो आवाज. पोरगा कळवळला. त्यानं पारूबाई नावाची एक कामवाली ठरवून दिली. आईनं आता वाकायचं नाही, सडा-रांगोळी पारूबाई करेल. आक्कानं जरा कुरकुर केली, पण पोराचं मन मोडवेना.

पारूबाईला पुढं कॉलनीतली कामं असायची, त्यामुळं ती अंधारातच यायची. शेणाचा सुरेख सडा घालायची, वर रेखीव रांगोळी काढायची आणि निघून जायची. आक्काच्या दारातली रांगोळी गल्लीत सगळ्यांत देखणी झाली. बायका कौतुकानं बघायच्या. त्या देखण्या रांगोळीनं काय बंद पडलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तसं झालं.

गेल्या पौषात, असाच हंगाम भरात असताना, आक्का पहाटे न्हाणीत घसरली. उजव्या मनगटावर सगळा भार आला. उठता येईना, हाक मारावी तर न्हाणी मागल्या अंगाला, आणि जवळच्या वखारीच्या यंत्रांचा आवाज सुरू झालेला. पुढच्या दारात पारूबाईची रांगोळी हसत होती. बायका आल्या, बघितलं, ओलं आहे म्हणून निर्धास्त झाल्या. ऊन कट्ट्यावर आलं तरी आक्का ओल्या फरशीवर पडून होती.

तिला वाचवलं ते शेजारच्या मल्लव्वानं. मल्लव्वा पूर्वी वखारीत तंबाखू चाळायला होती, घरात कानडी बोलते आणि आमच्याशी तिची स्वतःची मराठी. ती कट्ट्यावर तांदूळ निवडत बसली होती आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग ध्यानात आलं. हंगामात आक्काला सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, भिंतीपलीकडून मल्लव्वाला ती रोज ऐकू येते. आज आली नव्हती. ताट तसंच टाकून ती मागच्या बाजूनं धावली. "रांगोळी बगून मी गप बसले की मास्तर," असं ती मला पुढं कितीतरी दिवस सांगत राहिली. "रांगोळी हुती, पर बाई कुठं हुती?"

फोन आला तसा मी बेळगावच्या खडेबाजारातून एक जाड शाल घेतली आणि दुपारच्या बसनं निपाणी गाठली. आक्का प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती आणि मल्लव्वा तिला भरवत होती. मला बघून आक्का म्हणाली, जेवून आलास का. विलासही संध्याकाळपर्यंत पोचला. तो आईच्या पायाशी बसला. ज्या पोरानं मायेपोटी बाई लावली त्याला काय वाटलं असेल, याचा मला आजही विचार येतो. त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही.

दोन दिवसांनी तो ठाम झाला. बेळगावच्या बाहेर वृद्धांसाठी नवी वसाहत झाली होती, तिथं आईला ठेवायचं. मी जवळ, तोही महिन्याला येऊन जाईल. आम्ही तिघं बघायला गेलो. खोटं कशाला सांगू, जागा छान होती. स्वच्छ खोली, उशाशी घंटा, न्हाणीत धरायला दांडे, बागेत बाकं, रात्रंदिवस नर्स. मला स्वतःला तिथं राहायला आवडलं असतं. तिथल्या बाई फार गोड बोलत होत्या. इथं आजींना काडी उचलावी लागणार नाही, असं त्यांनी आनंदानं सांगितलं. आक्का सगळीकडे हिंडली, गादी दाबून बघितली, घंटा वाजवून बघितली, स्वयंपाकघरात जाऊन आमटीचा वास घेऊन आली. मग बागेतल्या बाकावर बसली आणि विलासला म्हणाली,

"जागा झ्याक हाय रं. न्हाय म्हणायला जागा न्हाय. हितं मला बगणारी लई हाईत. पर मी कुणाला बगू?"

विलासला पहिल्यांदा कळलंच नाही. मलाही वेळ लागला. आम्ही दोघं तिला कोण सांभाळेल याचा हिशेब करत होतो. ती सकाळी कुणासाठी उठेल हा विचार आमच्या डोक्याला शिवलाच नव्हता. माणूस म्हातारं झालं की आपण त्याच्या हातातली एकेक गोष्ट मायेनं काढून घेतो. बादली जड आहे, ठेव. सुई टोचेल, ठेव. शेवटी हात रिकामे राहतात, आणि मग त्या रिकाम्या हातांना आपण विश्रांती म्हणतो. मी शिकलेला माणूस, असली वाक्यं मला सुचतात. आक्कानं ते बाकावर बसून एका ओळीत विचारलं.

पण विलासही तिचाच मुलगा. तो म्हणाला, "आई, मल्लव्वामावशी त्या दिवशी घरात नसती तर? शिंक कुणी ऐकली असती?" त्याचं भय खरं होतं. परतीच्या वाटेवर संकेश्वर मागं पडल्यावर आक्कानं काचेतून बाहेर बघत सांगितलं की मला एक हंगाम दे. पुढल्या संक्रांतीला तू ये, बघ, आणि तुला पटलं न्हाय तर मी निमूट येते. विलासनं मान हलवली. आक्काचा शब्द म्हणजे शब्द, हे त्याला लहानपणापासून माहीत.

मग मी आक्कापाशी राहिलो, प्लॅस्टर निघेपर्यंत. त्या काळातल्या सकाळी मला फार आवडतात. पहिल्याच आठवड्यात बायका आक्काच्या कट्ट्यावर जमल्या आणि त्यांनी रीत घट्ट केली. हौसाबाईही आली, पाठ करून बसली, पण बसली. ठरलं ते असं की सडा आपल्याच हातचा पाहिजे. कामवाली नाही, माहेरवाशीण लेक नाही, सुट्टीला आलेली सून नाही. जिला वाकवत नाही तिनं उभ्यानं तांब्याभर पाणी शिंपडायचं. रांगोळी काढली तर काढली. मला ही गंमत वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर उठून बादली उचलली. उजवा हात गळ्यात बांधलेली बहीण, आणि मी धडधाकट भाऊ. अंगणात पाय ठेवला तेवढ्यात शेजारून मल्लव्वाचा आवाज आला, "मास्तर, ते बादली खाली ठेवा." आयुष्यभर पोरांना उभं करणारा मी, मुकाट्यानं बादली ठेवून आत गेलो. आक्का डाव्या हातानं पाणी शिंपडू लागली. निम्मं तिच्या पायांवर पडलं, थोडं माझ्या चपलांवर, आणि उरलेलं जमिनीवर. समोर हौसाबाईनं ते बघितलं आणि घरात गेली.

विलासनंही हात आखडता घेतला नाही. न्हाणीची गुळगुळीत फरशी काढून खरबरीत बसवली, भिंतीला दांडा लावला, खुर्चीसारखा बसायचा संडास केला, मागच्या दाराची पायरी उतरती केली. आक्का त्या दांड्याला बशीतला दांडा म्हणते आणि न्हाणीतून पुढलं स्टॉप कोणतं विचारते. पारूबाईचं काम गेलं नाही. ती आता दुपारी येते, धुणं-भांडी करते आणि गल्लीतल्या बातम्या पुरवते.

हे सगळं आठवायचं कारण वर्ष फिरून आलं. संक्रांत तोंडावर आली, विलास निकाल द्यायला यायचा होता. सध्या मी इथंच आहे. बेळगावचं माझं घर तिसऱ्या मजल्यावर. दार लावलं की लावलं. दुधाची पिशवी कडीला अडकते आणि ती मी कधी काढली हे कुणाला ठाऊक नसतं. शेजारी फार चांगले आहेत, लिफ्टमध्ये हसतात. बायको गेल्यापासून मी सकाळी उशिरा उठतो, कारण लवकर उठून कुणाचं काय अडणार आहे. आक्कापाशी आलो की मात्र झुंजुमुंजूलाच जाग येते. बाहेर पाण्याचा सपकारा ऐकू येतो, एक आपल्या दारात, मग एक पलीकडं, मग लांब कुठंतरी. त्यामागून शिंका. पहाटेच्या गारठ्यात अंथरुणात पडून मी त्या ऐकत राहतो, आणि सगळ्या जागच्या जागी आहेत असं वाटून बरं वाटतं.

काल सकाळी एक सपकारा कमी आला. मला ते कळलं नाही, आक्काला कळलं. ती चहा न पिता कट्ट्यावर गेली आणि समोर बघून चपला न घालता रस्ता ओलांडून गेली. हौसाबाईचा उंबरा कोरडा होता. आक्कानं कडी वाजवली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हौसाबाईचं नाव निघालेलं मी ऐकलं नव्हतं. काल ऐकलं.

"हौसे, दार उगड. मी हाय."

आतून कण्हल्याचा आवाज आला, कडी काढवत नाही असं काहीतरी. आक्कानं खिडकीच्या गजांतून हात आत घातला. तोच उजवा हात, प्लॅस्टर निघाल्यापासून मनगटाशी जरा वाकडाच बसलेला. चाचपत चाचपत तिनं कडी सरकवली. हौसाबाई तापानं फणफणली होती आणि धाप अशी लागलेली की दोन शब्द एका श्वासात बसत नव्हते. मल्लव्वानं गरम पाणी आणलं, मी रिक्षा आणली, आणि आक्का तिला छातीशी धरून रिक्षात बसली. छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलंत ते बरं केलंत. दुपारपर्यंत ऊब आणि औषध लागू पडलं. जरा हुशारी येताच हौसाबाई पहिलं काय बोलली तर, नळाचं पाणी सुटायची वेळ झाली, माझी घागर कोण लावणार. आक्का म्हणाली, मी लावते, तू गप पड.

मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. मनगट मोडलं तेव्हा सगळ्या जगानं ठरवलं होतं की आता हिला सांभाळायला हवं. ते खोटंही नव्हतं. पण ती बाई अजून दुसऱ्याला सांभाळू शकते, हे बघायला आमच्यापैकी कुणी थांबलं नव्हतं. ती मात्र एक वर्ष मागून घेऊन थांबली. आमच्या शाळेत वार्षिक समारंभात पाहुणे समाजसेवेवर बोलायचे आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. त्या सगळ्या टाळ्या काल मला परत घेऊन इथं वाजवाव्याशा वाटल्या.

संध्याकाळी ती घरी आली, मुगाची पेज केली, डब्यात भरली आणि पुन्हा दवाखान्यात गेली. मी पोचवतो म्हटलं तर म्हणाली, तू घागरी भर, दोन्ही घरच्या. गडबडीत तिचा फोन दिवळीतच राहिला. मी घागर उतरवत होतो तेवढ्यात तो वाजू लागला. विलास. रोजचीच त्याची वेळ. मी उचलल्याबरोबर त्याचा आवाज बदलला.

"मामा, तुम्ही कसं काय? आई कुठाय?"

दवाखान्यात म्हटलं असतं तर पोराच्या काळजाचं पाणी पाणी झालं असतं. बाजारात म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. माझ्या तोंडातून जे निघालं ते आमच्या घरात पूर्वी रोज निघायचं.

"तुझी आई कामावर गेलीय."

त्याला काही कळेना. मग मी त्याला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, कोरड्या उंबऱ्यापासून पेजेच्या डब्यापर्यंत. त्याच्या मागून पुण्याची रहदारी ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "मामा, संक्रांतीला येतोय म्हणून सांगा आईला. न्यायला न्हाय म्हणावं. चार दिवस ऱ्हायला."

सांगतो, म्हटलं. पण ती कामावरून आल्यावर.